आधी मॉनिटरची मागची बाजू पाहा: ऑफिसच्या स्वस्त कॉम्प्युटरचे भाग जुळवताना

तुमची यादी अशी आहे: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, ए५२० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप) मायक्रो-एटीएक्स मदरबोर्ड, १६ जीबीची एक डीडीआर५ रॅम, ५०० जीबीची एम.२ साटा एसएसडी, ६०० वॉटचा साधा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आणि टेबलावर मावेल असं स्लिम कॅबिनेट. मॉनिटर दोन, त्यातला एक जुना, फक्त व्हीजीएचा. काम म्हणजे हिशेब, मोठ्या एक्सेल शीट, ब्राउझरचे वीस-पंचवीस टॅब आणि व्हिडिओ मीटिंग. खर्च कमीत कमी ठेवायचा आहे, आणि हे सगळं एकमेकांशी जुळेल का, हा तुमचा प्रश्न.

जसंच्या तसं मागवलंत तर कॉम्प्युटर सुरू होणार नाही. ए५२० बोर्डात डीडीआर५ रॅम बसतच नाही. ती बदलून आणलीत तरी दोन्ही मॉनिटर काळेच राहतील, कारण रायझन ५ ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही. बाकीच्या तीन-चार गोष्टी तपासून घ्याव्या लागतील अशा आहेत. तरीही यादी टाकून देण्यासारखी नाही. दोन भाग बदलले आणि बाकीचे तपासून घेतले की यातूनच चांगला, वर्षानुवर्षं चालेल असा कॉम्प्युटर उभा राहतो. पण बदल का करायचे हेही समजून घ्या. खरेदीच्या वेळी ठरवलेलं मॉडेल संपलेलं असतं, समोरचा "त्याच्यासारखंच" दुसरं पुढे करतो, आणि तिथे ही माहितीच कामाला येते.

बहुतेक जण प्रोसेसरपासून सुरुवात करतात. ऑफिसचा कॉम्प्युटर असेल तर मी मॉनिटरच्या मागच्या बाजूपासून सुरुवात करतो. तिथे कोणते पोर्ट आहेत, किती मॉनिटर एकाच वेळी चालवायचे आहेत, हे आधी कागदावर लिहा. वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं नसेल, आणि तुमच्या कामाला ते घ्यायची काहीच गरज नाही, तर चित्र प्रोसेसरमधूनच आलं पाहिजे. मदरबोर्डवर एचडीएमआय पोर्ट दिसला म्हणजे ग्राफिक्स आहे असं नव्हे. तो पोर्ट ही नुसती तोटी, पाणी प्रोसेसरच्या टाकीतून यायचं असतं. टाकीच नसेल तर तोटी कितीही फिरवा.

प्रोसेसरच्या नावामागचं एकच अक्षर हे सांगतं, आणि घोळ असा की दोन कंपन्यांची पद्धत उलटी आहे. इंटेलमध्ये शेवटी एफ असेल तर ग्राफिक्स नाही: आय३-१२१०० मध्ये आहे, आय३-१२१००एफ मध्ये नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) नेमकं उलट. तिथे जी असेल तरच ग्राफिक्स आहे: ५६००जी मध्ये आहे, ५६००, ५६००एक्स, ५५००, ४५०० यांच्यात नाही. त्यानंतरच्या एएम५ सॉकेटवर चित्र पुन्हा बदललं. रायझन ७००० मालिकेत साधं, ऑफिसला पुरेल एवढं ग्राफिक्स जवळपास सगळ्यांत दिलं, पण ७५००एफ सारखे एफवाले वगळून. ग्राफिक्स नसलेले प्रोसेसर बहुधा थोडे स्वस्त असतात, म्हणून कमी खर्चाच्या यादीत तेच हमखास शिरतात. तुमच्याही यादीत तसंच झालेलं दिसतंय. ५६०० च्या जागी ५६००जी घ्या, पुढचं सगळं तो धरूनच सांगतो.

आता तुमचा व्हीजीएवाला मॉनिटर. व्हीजीए अ‍ॅनालॉग, एचडीएमआय डिजिटल. त्यामुळे या दोघांमध्ये नुसती केबल चालत नाही, आत सर्किट असलेला कन्व्हर्टर लागतो. डीव्हीआयच्या बाबतीतही फसगत होते. आजकालच्या बोर्डांवर असतो तो डीव्हीआय-डी, त्यातून अ‍ॅनालॉग सिग्नल येतच नाही, त्यामुळे जुना साधा डीव्हीआय-व्हीजीए जोड त्याला लावून उपयोग नाही. ए५२० आणि इंटेलसाठीच्या एच६१० चिपसेटच्या बऱ्याच बोर्डांवर एचडीएमआयच्या जोडीला व्हीजीए पोर्ट अजून मिळतो. असाच बोर्ड शोधा, दोन्ही मॉनिटर थेट लागतील. पुढेमागे ४के मॉनिटर घेण्याचा विचार असेल तर बोर्डाच्या माहितीत एचडीएमआयच्या पुढे ६० हर्ट्झ लिहिलंय की ३०, तेवढं पाहा. ३० हर्ट्झवर माउसचा बाण सुद्धा अडखळत चालल्यासारखा वाटतो आणि दिवसभर त्यासमोर बसणाऱ्याचे डोळे शिणतात.

प्रोसेसर आणि बोर्ड यांची जुळणी हा या सगळ्यातला गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबतो. "सॉकेट एकच आहे ना, मग बसेल," हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. सॉकेट जुळणं ही पहिली पायरी. दुसरी चिपसेटची आणि तिसरी बायोसची, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या, बोर्डातच भरलेल्या प्रोग्रॅमची. तिन्ही जुळल्या तरच कॉम्प्युटर सुरू होतो.

इंटेलचं एलजीए ११५१ सॉकेट घ्या. सहाव्या-सातव्या पिढीचे प्रोसेसर त्याच नावाच्या सॉकेटवर होते आणि आठव्या-नवव्या पिढीचेही. पण २०१७ मध्ये आठवी पिढी आली तेव्हा तिला ३०० मालिकेचा चिपसेट लागू लागला. जुन्या बोर्डात प्रोसेसर व्यवस्थित बसायचा आणि कॉम्प्युटर मात्र सुरू व्हायचा नाही. एएम४ वर याच्या उलट दिशेचा सापळा आहे. ए५२० चिपसेट २०२० चा. त्याच्या आदल्या वर्षी आलेला रायझन ३ ३२००जी स्वस्तात मिळतो, ग्राफिक्स आहे, सॉकेटही तेच. पण ए५२० आणि बी५५० चिपसेटवर तो अधिकृतपणे चालत नाही. नव्या बोर्डावर जुना प्रोसेसर चालणारच, हा समज तिथे खोटा ठरतो.

बायोसची गोष्ट आणखी बारीक आहे. ५६००जी आला २०२१ मध्ये, म्हणजे ए५२० बोर्ड बाजारात आल्यावर वर्षभराने. कपाटात पडून राहिलेला जुना बोर्ड तुमच्या हाती आला तर त्यातला बायोस हा प्रोसेसर ओळखणार नाही. बायोस अपडेट करायला चालू कॉम्प्युटर हवा, कॉम्प्युटर चालू व्हायला बायोस हवा, आणि तुमच्याकडे दुसरा प्रोसेसर नाही. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवरही हेच: बारावी, तेरावी, चौदावी पिढी त्याच सॉकेटवर चालते, पण सुरुवातीच्या एच६१० बोर्डांना चौदाव्या पिढीसाठी नवा बायोस घालावा लागतो.

यावरचा उपाय सोपा आहे आणि फुकट आहे. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या नेमक्या मॉडेलच्या पानावर जा. तिथे चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते आणि प्रत्येकापुढे "या बायोस आवृत्तीपासून" असं लिहिलेलं असतं. मॉडेलचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा, रिव्हिजन क्रमांक असेल तर तोही. मग विक्रेत्याला थेट विचारा: या बोर्डात ती आवृत्ती आहे का, नसेल तर देण्याआधी अपडेट करून द्याल का? काही बोर्डांना मागे छोटं बटण असतं, त्यावरून प्रोसेसर नसतानाही पेन ड्राइव्हने बायोस भरता येतो. दोन बोर्डांमध्ये मन अडकलं असेल तर ते बटण असलेला घ्या. भाग जुळतात का हे आपोआप सांगणाऱ्या वेबसाइट आहेत, त्या जरूर वापरा, पण तुमच्या खोक्यातल्या बोर्डावर कोणता बायोस आहे हे त्यांना कळण्याचा मार्ग नाही.

रॅमचं उत्तर थोडक्यात देता येतं. एएम४ म्हणजे फक्त डीडीआर४. एएम५ म्हणजे फक्त डीडीआर५. एलजीए १७०० वर दोन्हींचे बोर्ड मिळतात, आणि खरा घोळ तिथेच होतो: जवळपास एकाच नावाचा बोर्ड दोन प्रकारांत येतो, आणि नावात कुठेतरी "डी४" एवढाच फरक असतो. दोन्ही रॅमना २८८ पिनाच असतात, पण खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एक दुसरीच्या स्लॉटमध्ये उतरत नाही. उतरत नसेल तर जोर लावू नका. सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड रॅम स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका, असल्या बोर्डांवर ती चालत नाही.

तुम्ही १६ जीबीची एक पट्टी म्हणताय, मी ८-८ च्या दोन सांगेन. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते याच रॅममधून वाटा घेतं. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर आणि रॅममधला रस्ता ६४ बिटांऐवजी १२८ बिटांचा होतो, आणि दोन मॉनिटर, वर व्हिडिओ मीटिंग अशा वेळी त्याचा उपयोग होतो. याची दुसरी बाजूही आहे. स्वस्त बोर्डांवर स्लॉट दोनच असतात, दोन्ही भरले की पुढे वाढवताना जुन्या पट्ट्या काढाव्या लागतात. दोन वर्षांत ३२ जीबी लागणारच अशी खात्री असेल तर आज १६ ची एक घ्या आणि नंतर तशीच दुसरी. तुमच्या कामाकडे पाहता १६ बरीच वर्षं पुरेल, म्हणून माझं मत दोन पट्ट्यांना. त्या एकाच पाकिटातल्या, एकाच मॉडेलच्या असू द्या.

एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे. त्या आकारात जुन्या, संथ जोडणीची साटा एसएसडीही येते आणि वेगवान जोडणीची एनव्हीएमईही, आणि प्रत्येक स्लॉट दोन्ही स्वीकारतोच असं नाही. मॅन्युअलमध्ये त्या स्लॉटपुढे काय लिहिलंय ते पाहा. साटाचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीवर थांबतो, तिसऱ्या पिढीच्या पीसीआयई स्लॉटमधली एनव्हीएमई ३५०० च्या आसपास जाऊ शकते. एक्सेल उघडताना हा फरक तुम्हाला फारसा जाणवणार नाही, पण किमती जवळजवळ असतील तर एनव्हीएमई घ्या. चौथ्या पिढीची मिळाली तरी चालेल, तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये ती कमी वेगाने पण नीट चालते. लांबी २२८० ची (२२ मिलिमीटर रुंद, ८० लांब) घ्या. आणि एक, काही बोर्डांवर एम.२ स्लॉट भरला की एखादा साटा पोर्ट बंद होतो. जुनी हार्ड डिस्क लावणार असाल तर कोणता बंद होतो ते मॅन्युअलमध्ये शोधा.

एसएमपीएसबद्दल मला कळकळीने सांगायचंय, कारण पैसे वाचवताना पहिली कात्री इथेच लागते आणि तो बिघडला तर एकटा जात नाही, सोबत बोर्ड आणि डिस्कही घेऊन जातो. तुमच्या कॉम्प्युटरला ६०० वॉटची गरज नाही. ५६००जी जोरात चालला तरी सॉकेटमधून साधारण ८८ वॉट ओढतो. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे धरून सगळं १५० वॉटच्या आतबाहेर राहतं, आणि नुसतं टाइप करताना तर ३०-४० वॉट. म्हणून ओळख नसलेल्या ६०० वॉटपेक्षा नावाजलेल्या कंपनीचा ४०० किंवा ४५० वॉटचा घ्या.

खोक्यावरचा मोठा आकडा बाजूला ठेवा आणि एसएमपीएसच्या अंगावरचं लेबल वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपियर आहेत? त्या आकड्याला १२ ने गुणा. प्रोसेसरला लागणारी वीज त्याच रकान्यातून येते. लेबलवर ६०० वॉट आणि १२ व्होल्टला १८ अँपियर असेल तर कामाची ताकद २१६ वॉटच आहे. ४५० वॉटच्या प्रामाणिक एसएमपीएसवर हा आकडा ३० च्या पुढे दिसतो. ८० प्लसचं चिन्ह वीज किती वाया जाते ते सांगतं, एसएमपीएस किती टिकेल ते नाही. साध्या ८० प्लससाठी २०, ५० आणि १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता लागते. तुमचा ३५ वॉटचा कॉम्प्युटर ६०० च्या एसएमपीएसवर सहा टक्क्यांवर चालेल, म्हणजे त्या मोजणीच्या पार बाहेर.

जोडण्यांमध्ये बोर्डाला मोठी २४ पिनची आणि प्रोसेसरजवळ ४ किंवा ८ पिनची वायर लागते. ४+४ अशी दुभंगणारी वायर असेल तर दोन्हीकडे चालते. ग्राफिक्स कार्डासाठीची ६+२ वायर दिसायला तशीच असते, पण तिच्यात प्लस-मायनसच्या जागा उलट्या असतात, ती तिथे कधीही रेटू नका. आणि मॉड्युलर एसएमपीएस असेल, म्हणजे वायरी सुट्या निघत असतील, तर त्याच्या वायरी दुसऱ्या एसएमपीएसला कधीच लावू नका. डिस्कच्या टोकाला जोड सगळीकडे सारखा असतो, एसएमपीएसच्या टोकाला पिनांचा क्रम ठरवणारं कुठलंच प्रमाण नाही. मी एकदा एका हिशेबनिसांच्या कॉम्प्युटरचा बंद पडलेला एसएमपीएस बदलला आणि घाईत जुन्याच वायरी ठेवल्या, नव्यात त्या बसत होत्या म्हणून. बटण दाबताच त्यांच्या दोन्ही डिस्क गेल्या. एकीत मूळ हिशेब, दुसरीत त्याचा बॅकअप. ती दुपार मी विसरलेलो नाही, आणि तेव्हापासून बदललेल्या एसएमपीएसच्या वायरी त्याच्याच खोक्यात बांधून परत करतो.

स्लिम कॅबिनेटमुळे बाकीच्या निवडींवर बंधनं येतात, म्हणून त्याचा नीट विचार करा. बऱ्याच स्लिम कॅबिनेटमध्ये नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस मावत नाही, टीएफएक्स किंवा एसएफएक्स आकाराचा लागतो. त्यात निवड कमी, आणि वर्षांनी बिघडला तर बदली शोधताना दमछाक. ५६००जीसोबत येणारा कूलर सुमारे ५४ मिलिमीटर उंच आहे, कॅबिनेटची कूलर-उंची त्याहून जास्त हवी. जागेची फारच अडचण नसेल तर साधं मायक्रो-एटीएक्स टॉवर घ्या, टेबलाखाली ठेवा. मायक्रो-एटीएक्सचं पूर्ण माप २४४ बाय २४४ मिलिमीटर, पण स्वस्त बोर्ड रुंदीला बरेच कमी असतात. त्यामुळे रॅमच्या बाजूची कड अधांतरी राहते. तिथे २४ पिनची वायर दाबताना बोर्डाखाली बोटाचा आधार द्या. आणि बोर्डाला जिथे भोक नाही तिथला पितळी खुंटा कॅबिनेटमधून काढून टाका, नाहीतर तो मागच्या सोल्डरला टेकतो आणि शॉर्ट होतो.

कूलर वेगळा घेणार असाल, किंवा खोक्याविना सुटा प्रोसेसर मिळत असेल, तर सॉकेटचं नाव पाहून घ्या. एलजीए १२०० चा कूलर एलजीए १७०० वर बसत नाही, भोकांमधलं अंतर ७५ वरून ७८ मिलिमीटर झालं. तीन मिलिमीटरचाच फरक, पण काम तेवढ्यावर अडतं.

छोट्या गोष्टी भराभर सांगतो. स्वस्त बोर्डांवर वाय-फाय नसतं. लॅनची वायर टेबलापर्यंत येत नसेल तर पीसीआयई कार्ड किंवा यूएसबी अडॅप्टर यादीत घाला. कॅबिनेटच्या पुढे टाइप-सी पोर्ट असेल तर त्याची वायर लावायला बोर्डावर जागा आहे का पाहा, बऱ्याच स्वस्त बोर्डांवर ती नसते आणि पोर्ट शोभेचा राहतो. पॅरलल पोर्टचा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर किंवा सिरियल पोर्टचं एखादं यंत्र वापरात असेल तर तेही आजच सांगा, त्यावरून बोर्ड बदलू शकतो.

विंडोजचंही जुळावं लागतं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लागतं. तुमच्या यादीतल्या प्रोसेसरांमध्ये टीपीएम आतच असतं, वेगळं मोड्यूल घ्यायला नको, पण बायोसमध्ये ते चालू आहे ना हे पाहावं लागतं. कुणी सातव्या किंवा त्याआधीच्या पिढीचा इंटेल संच "अजून छान चालतो" म्हणून स्वस्तात देत असेल तर चालतो हे खरं, पण ऑफिसचा हिशेब ठेवायला तो घेऊ नका. मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलची सुरुवात आठव्या पिढीपासून होते.

तर मी काय घेईन? तुमच्या यादीला धरून: रायझन ५ ५६००जी, व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही असलेला ए५२० बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० पट्ट्या, ५०० जीबीची एनव्हीएमई, ४५० वॉटचा चांगला एसएमपीएस, साधं मायक्रो-एटीएक्स कॅबिनेट. पण काम मुख्यतः एक्सेल आणि हिशेब असेल तर आय३-१२१०० आणि डीडीआर४ वाला एच६१० बोर्ड यांच्याकडे माझा कल जास्त आहे. गाभे (कोर) चारच, पण एकेका गाभ्याचा वेग जास्त, आणि हिशेबाची सॉफ्टवेअर बहुधा एकाच गाभ्यावर झटत असतात. दोन्हींतला जो संच बोर्डासकट कमी खर्चात पडेल तो घ्या. एएम५ चा विचार तेव्हाच करा जेव्हा पाच वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायची इच्छा असेल. आणि तो घेतलात तर पहिल्यांदा सुरू करताना काही मिनिटं पडदा काळा राहतो. बोर्ड रॅमची ओळख करून घेत असतो, तेव्हा बटण दाबून बंद करू नका.

भाग आले की थेट कॅबिनेटमध्ये बसवू नका. बोर्डाचं खोकं टेबलावर ठेवा, त्यावर बोर्ड, प्रोसेसर, कूलर, एक रॅम, एसएमपीएस आणि मॉनिटर एवढंच जोडा, आणि पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. बायोसचा पडदा दिसला की प्रोसेसरचं नाव बरोबर आहे का ते पाहा. मग बंद करून दुसरी रॅम लावा, एकूण १६ दिसते का बघा, आणि एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग) चालू करा. ते न करता ३२०० ची रॅम बरेचदा २१३३ किंवा २६६६ वर चालत राहते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. इंटेल घेतलात तर तिथल्या मर्यादा बोर्डाच्या पानावर वाचा, एच६१० वर रॅम ओव्हरक्लॉक होत नाही, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेगाने चालवता येत नाही. हे सगळं नीट दिसल्यावरच स्क्रू हातात घ्या. मॉनिटरच्या पोर्टांचे फोटो आणि निवडलेल्या बोर्डाचं पूर्ण मॉडेल नाव पाठवलंत तर मागवण्याआधी मी एकदा पाहून देईन.